डिझेल स्विफ्टचे ब्रेक: पैसे टायरला, पॅडला की मोठ्या डिस्कला?

कुंभार्ली घाट उतरत होतो. गाडीत पाच माणसं, डिकी भरलेली. पायथ्याची पोफळी जवळ आली आणि पेडल एकदम मऊ पडलं, जवळजवळ तळाला गेलं. पुन्हापुन्हा दाबलं तेव्हा गाडी थांबली. घरी आल्यावर मोठ्या डिस्क, म्हणजे ज्यांना दोन्ही बाजूंनी पॅड चिमटतात त्या चाकामागच्या चकत्या, बसवायचं मी जवळपास ठरवलंच होतं. मेकॅनिकने ब्रेक ऑइलच्या टाकीचं झाकण उघडून काळपट ऑइल दाखवलं. चार वर्षं मी ते बदललंच नव्हतं.

म्हणून जुन्या डिझेल स्विफ्टचे ब्रेक कसे वाढवू असं कोणी विचारलं, की मी आधी विचारतो: नेमकं काय होतंय? मारुतीने २०२० मध्ये डिझेल बंद केलं, म्हणजे आज रस्त्यावर असलेली अशी प्रत्येक गाडी जुनीच आहे. १.३ लिटरचं इंजिन, १९० न्यूटन-मीटर टॉर्क, पुढे डिस्क, मागे ड्रम. वेग पटकन येतो आणि इंजिनचं वजन पुढच्या चाकांवर पडतं.

एक परीक्षा करा. कोरडा, मोकळा रस्ता, मागेपुढे कोणी नाही, वेग ५०. ब्रेक पूर्ण ताकदीने दाबा. एबीएस (चाकं अडकू न देणारी यंत्रणा) असेल तर पेडल थरथरेल, नसेल तर चाकं घासत जातील. यातलं काही झालं, तर ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. मग महागडे पॅड घाला की मोठी डिस्क, त्या एका थांबण्यात अंतर फारसं कमी होणार नाही. पैसे टायरला घाला.

टायरचा फरक किती? चांगल्या पकडीच्या कोरड्या रस्त्यावर ८० च्या वेगातून थांबायला साधारण ३२ मीटर लागतात, १०० वरून ४९. पाय ब्रेकवर जाईपर्यंतचा एक सेकंद वेगळा: ८० ला तो आणखी २२ मीटर खातो. ओल्या रस्त्यावर पकड निम्मी झाली की ३२ चे ६३ मीटर होतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की कायद्यानेही तो बाद, पण पावसाळ्यासाठी मी त्याच्या बराच आधी बदलतो. नक्षी शिल्लक असूनही रबर कडक झालेलं असू शकतं. टायरच्या बाजूवर कोरलेल्या निर्मिती-क्रमांकाचे शेवटचे चार आकडे वाचा: ३२१९ म्हणजे २०१९ चा बत्तिसावा आठवडा.

डिझेल स्विफ्टच्या व्हीडीआय प्रकाराला १६५/८० आर१४ टायर यायचे, वरच्या झेडडीआयला १८५/६५ आर१५. दोन्हींच्या व्यासात जेमतेम दोन मिलिमीटरचा फरक, त्यामुळे स्पीडोमीटर बिघडत नाही. मात्र नुसती रुंदी वाढवून पकड येत नाही, रबर चांगलं हवं.

परीक्षेत एकदा गाडी छान थांबते पण घाटात सात-आठ वळणांनंतर ढेपाळते, तर प्रश्न उष्णतेचा आहे, आणि त्याचे दोन प्रकार आहेत. पेडल कडक, जळका वास, पण गाडी थांबत नाही: पॅड तापलेत. पेडल मऊ, खाली जातंय: ऑइल उकळलंय. ब्रेक ऑइलचे दर्जे डॉटच्या आकड्याने ओळखतात. डॉट ३ चा उत्कलनबिंदू ताजं असताना किमान २०५ अंश, पाणी शोषल्यावर १४०. डॉट ४ चे हेच आकडे २३० आणि १५५. हे ऑइल हवेतली ओल ओढत राहतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला, नळ्यांतली हवा नीट काढून. काही शे रुपयांचं काम आहे आणि घाटात याच्याइतका फरक दुसऱ्या कशानेही मी अनुभवला नाही. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, ते यात कधीच मिसळू नका.

पॅड तापत असतील तर रस्त्यासाठीचे चांगल्या दर्जाचे पॅड घ्या, शर्यतीचे नकोत. शर्यतीचे पॅड थंड असताना नीट धरत नाहीत, आणि सकाळी सोसायटीच्या फाटकातून निघताना ब्रेक थंडच असतात. नवे पॅड बसल्यावर ५० वरून १० पर्यंत दहाएक वेळा वेग कमी करा, पूर्ण थांबू नका, मग निवू द्या. भोकं पाडलेल्या डिस्क रस्त्यावरच्या गाडीला मी घेणार नाही, भोकांपाशी तडे जाण्याचा धोका असतो.

घाट नसतानाही पेडल दगडासारखं लागत असेल तर पॅडकडे पाहूच नका. डिझेल इंजिनला ब्रेक बूस्टरसाठी, म्हणजे पायाच्या दाबाला जोर देणाऱ्या भागासाठी, वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. तो किंवा त्याची नळी गेली की पाय दुखेपर्यंत दाबावं लागतं.

मागे डिस्क बसवण्याचा खर्च सगळ्यात जास्त आणि जोखीमही. ब्रेक मारल्यावर वजन पुढे जातं, बहुतेक काम पुढची चाकं करतात. मागची ताकद अंदाजाने वाढवली तर मागचं चाक आधी अडकतं आणि ओल्या वळणावर गाडी गर्रकन फिरते. शिवाय हँडब्रेकची जुळणी, विम्याचा वाद. त्यापेक्षा ड्रम उघडून लायनर (आतून घासणारे पट्टे) साफ करा, ॲडजस्ट करा, पुढचे पॅड धरणाऱ्या कॅलिपरच्या पिनांना ग्रीस लावा.

मी ऑइल, चार टायर आणि पुढचे पॅड बदलले, त्याच क्रमाने. यंदाच्या पावसात कुंभार्ली दुसऱ्या गिअरमध्ये उतरलो. पोफळीला पोचलो तेव्हाही पेडल घाटमाथ्यावर होतं तितकंच घट्ट होतं.