हॅवलॉकच्या पॅकेजमध्ये ‘प्रायव्हेट रीफ’ लिहिलं असेल, तर पैसे भरण्याआधी हे वाचा

पुण्या-मुंबईतून अंदमानची सहल घेणाऱ्यांना स्कूबामध्ये, म्हणजे पाठीवरच्या टाकीतल्या हवेवर पाण्याखाली जाण्यात, गंडवण्याची रीत जवळपास ठरलेली आहे. आधी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो येतात: पंख्यासारखं पसरलेलं लालभडक प्रवाळ, बाराकुडा माशांचा थवा, काचेसारखं पाणी. खाली एक ओळ असते, ‘बोट डाइव्ह, प्रायव्हेट रीफ, नो क्राउड, ४५ मिनिटं’. बोटीच्या दराने पैसे घेतले जातात. हॅवलॉकला, म्हणजे आताच्या स्वराज द्वीपला, पोचल्यावर सकाळी गाडी येते आणि किनाऱ्यावर सोडते. बोट नसतेच. गुडघाभर पाण्यातून चालत नेमो रीफ नावाच्या प्रवाळाच्या पट्ट्यावर नेलं जातं. तिथे आधीच तीन-चार गट वाळू ढवळत असतात आणि हातभर अंतरावरचंही धूसर दिसतं. ४५ मिनिटांत फॉर्म भरणं, सूट चढवणं, उथळ पाण्यातला सराव हे सगळं धरलेलं असतं. खाली जेमतेम वीस मिनिटं मिळतात. विचारलं तर उत्तर येतं, ‘आज समुद्र खराब आहे.’ पैसे मात्र बोटीचेच राहतात.

नेमो रीफ ही काही वाईट जागा नाही. किनाऱ्यालगत, उथळ, घाबरणाऱ्या माणसासाठी बरीच सोयीची. लबाडी आहे ती तिथे नेऊन दुसऱ्याच जागेचे पैसे घेण्यात.

ही लबाडी पुण्यात बसूनही पकडता येते. ज्याच्याकडे डायव्हिंगचं प्रमाणपत्र नाही, त्याला पहिल्या डाइव्हमध्ये जास्तीत जास्त १२ मीटर खोल नेतात. डिक्सन्स पिनॅकल आणि जॉनीज गॉर्ज या हॅवलॉकच्या नावाजलेल्या जागांची खरी मजा त्याहून बरीच खोल आहे, आणि तिथे प्रवाहही जोरात असतो. त्यामुळे पोहता न येणाऱ्या कुटुंबाला कुणी त्या जागांचे फोटो पाठवत असेल, तर तो न मिळणारी वस्तू विकतोय. नवख्यांना बोटीने लाइटहाउससारख्या ठिकाणी उथळ भागात नेता येतं. म्हणून आगाऊ रक्कम देण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: जागेचं नाव, बोट की किनारा, पाण्याखालची मिनिटं, आणि एका इन्स्ट्रक्टरमागे किती माणसं. शेवटच्या प्रश्नाला ‘एकास एक’ हे उत्तर उत्तम; चारांहून जास्त म्हणाले तर नाद सोडा. समुद्र खरोखर खराब असला तर जागा बदलावीच लागते, त्यात वाद नाही. पण बदललेल्या जागेचा दर काय आणि फरक परत कधी, हेही त्याच मेसेजमध्ये यायला हवं. ‘तिथे गेल्यावर बघू’ म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका.

प्रवाळ निरोगी आहे की नाही हे फोटोवरून ओळखणं थोडं अवघड, पण जमतं. पाण्यात पाच-सहा मीटरच्या खाली लाल रंग जवळजवळ उरत नाही, त्यामुळे लालबुंद फोटो हा दिव्याच्या उजेडात काढलेला किंवा नंतर रंगवलेला असतो. तुम्हाला तसं दिसणार नाही. गेल्या महिन्यातला, न कापलेला, एखाद्या मिनिटाचा व्हिडिओ मागा. जिवंत प्रवाळ बहुधा तपकिरी, पिवळट, हिरवट असतं आणि जवळून पाहिलं तर त्यावर बारीक, नियमित नक्षी दिसते. पांढरंफटक पडलेलं प्रवाळ देखणं वाटतं, पण ते गरम पाण्याने उपाशी पडलेलं असतं. कधी कधी त्याआधी ते झगझगीत निळं-गुलाबी होतं, आणि नेमका तोच फोटो जाहिरातीत वापरला जातो. मेलेल्यावर शेवाळाची मळकट लव चढते, फांद्या मोडून तुकड्यांचा ढीग पडतो. अंदमानात २०१० आणि २०१६ च्या उष्ण पाण्याने उथळ प्रवाळाचं मोठं नुकसान झालं, त्यामुळे त्याआधीचे फोटो दाखवून आजची जागा विकणं हीसुद्धा फसवणूकच. व्हिडिओत तुकड्यांचे ढीग किती, मोठे मासे किती, आणि इतर डायव्हर प्रवाळावर उभे आहेत का, एवढं बघा. शेवटची गोष्ट दिसली तर त्या केंद्राकडे जाऊच नका. पाय ठेवला की वर्षानुवर्षं वाढलेली फांदी एका क्षणात मोडते.

मालवणातही हेच चालतं, फक्त रक्कम लहान असते. तिथलं प्रवाळ मुख्यतः गोलसर, दगडासारखं वाढणारं आहे आणि पाणी अंदमानाइतकं नितळ नसतं. फांद्यांच्या बागेचा फोटो ‘मालवण’ म्हणून आला, तर तो दुसरीकडचा समजा. फोटोत तोंडाभोवती पट्टेरी माशांचा घोळका दिसतो, तो बऱ्याचदा पावाचा चुरा टाकून जमवलेला असतो. आंग्रिया बँक या समुद्रात बुडालेल्या प्रवाळ-पठाराचं नाव घेऊन अर्ध्या दिवसाची सहल कुणी विकत असेल तर ते सरळ खोटं आहे. ती किनाऱ्यापासून शंभर किलोमीटरहून लांब आहे. पावसाळ्यात, साधारण मे अखेरीपासून ऑगस्टअखेरपर्यंत, किनाऱ्यावरचे जलक्रीडा व्यवसाय बंद असतात. त्या तारखांचं बुकिंग घेणारा आगाऊ रकमेवरच डोळा ठेवून असतो.

जिवाशी खेळ होतो तो स्वस्ताईत. पाण्यात उतरण्याआधी टाकीतल्या हवेचा दाब दाखवणाऱ्या प्रेशर गेजवर २०० बारच्या (बार हे दाबाचं माप) आसपास आकडा हवा, आणि साधारण ५० बारला वर यायचं असतं. रेग्युलेटरमधून, म्हणजे तोंडात धरायच्या श्वासाच्या नळीतून, दोन-तीन श्वास घ्या. तेलकट चव किंवा धुराचा वास आला तर उतरू नका. टाकीत हवा भरणाऱ्या कॉम्प्रेसरने इंजिनाचा धूर ओढलेला असू शकतो, आणि त्यातला कार्बन मोनॉक्साइड खोल पाण्यात जास्त घातक ठरतो. दमा, हृदयविकार, कानाची शस्त्रक्रिया यांबद्दल विचारणारा वैद्यकीय फॉर्म न देताच सूट हातात ठेवणारं केंद्र टाळा. इन्स्ट्रक्टरचा क्रमांक मागून पॅडी किंवा एसएसआय या डायव्हिंगची प्रमाणपत्रं देणाऱ्या संस्थांच्या संकेतस्थळावर तपासा. खरा इन्स्ट्रक्टर त्याचा राग मानत नाही. पॅकेजवाले डाइव्ह हमखास परतीच्या दिवशी सकाळी बसवतात. एका डाइव्हनंतर विमानाआधी किमान १२ तास, अनेक डाइव्हनंतर १८ तास जायला हवेत. वेळापत्रकात तेवढं अंतर नसेल तर दिवस बदलून घ्या.

फसलातच तर त्याच दिवशी पुरावा गोळा करा. जाहिरातीचा स्क्रीनशॉट, पैसे कुणाच्या नावाच्या यूपीआय खात्यात गेले त्याची पावती, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर जागेचं नाव, खोली आणि आत-बाहेरची वेळ लिहून त्यावर इन्स्ट्रक्टरची सही. सही देत नसेल तर त्याच्या मनगटावरच्या डाइव्ह कॉम्प्युटरच्या पडद्याचा फोटो काढा. खोली आणि मिनिटं त्यात असतातच. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. पैसे घेऊन माणूसच गायब झाला असेल तर लगेच सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३०. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार व्यावसायिक अंदमानात असला तरी तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, घटनेपासून दोन वर्षांच्या आत. दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर त्यासाठी शुल्कही लागत नाही.