रेडिएटर कूलंट कॉन्सन्ट्रेट: गोठण्यावर पक्का उपाय, उकळण्यावर अपुरा

एथिलीन ग्लायकॉलचे हे कॉन्सन्ट्रेट मी रेडिएटरमध्ये डिस्टिल्ड वॉटरबरोबर निम्मे-निम्मे मिसळून वापरतो आणि मुख्य कामात ते चोख आहे. अशा मिश्रणासाठी डब्यावर उणे ३७ अंश सेल्सिअस हा गोठणबिंदू दिला आहे. रिफ्रॅक्टोमीटरवरही (द्रवाच्या थेंबावरून गोठणबिंदू दाखवणाऱ्या उपकरणावर) जवळपास तोच मिळाला.

उकळण्याचा आकडा मात्र जपून वाचावा. १२९ अंश ठळक छापले आहेत आणि ‘प्रेशर कॅपसह’ हे शब्द बारीक अक्षरांत. उघड्या भांड्यात हेच मिश्रण १०८ अंशांच्या आसपास उकळते. वरचे वीसेक अंश रेडिएटरच्या झाकणाने, म्हणजे प्रेशर कॅपने, कोंडलेल्या दाबाचे आहेत. पाण्याचा स्वभावच तसा आहे. एक किलो पाण्यात एक मोल, म्हणजे ६२ ग्रॅम ग्लायकॉल विरघळवले, तर गोठणबिंदू सुमारे १.८६ अंशांनी उतरतो, पण उत्कलनबिंदू जेमतेम अर्ध्या अंशाने चढतो. म्हणून झाकणाचे रबर सैल पडले असेल, तर नवे कूलंट भरूनही पाणी उकळण्याचा धोका राहतो, आणि ही सूचना डब्यावर असायलाच हवी होती.

‘पाणी न मिसळता वापरू नये’ ही ताकीद मात्र ठळकपणे दिली आहे, हे फार चांगले केले. नुसते ग्लायकॉल उणे १३ अंशांनाच गोठते. मिश्रणात पाण्याचे आणि ग्लायकॉलचे रेणू एकमेकांच्या स्फटिकांची जुळणी अडवतात, म्हणून ते दोघांपेक्षाही खूप खाली द्रव राहते. शिवाय उष्णता वाहून नेण्यात पाणीच सरस आहे.

गोठणबिंदू उतरवण्याचे काम विरघळलेल्या कणांच्या संख्येवर चालते, त्यामुळे दोन आयनांत फुटणारे मीठ वजनाच्या हिशेबाने अधिक प्रभावी ठरले असते. पण ते धातू खाते. या द्रवात उलट गंजरोधके आहेत. ती कालांतराने संपतात आणि गोठणबिंदूवर त्याचा परिणाम जाणवत नाही, तेव्हा रिफ्रॅक्टोमीटरचा आकडा चांगला आला तरी ठरलेल्या मुदतीत द्रव बदलावा.

माझी खरी तक्रार बुचाबद्दल आहे. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी असते, तरीही बूच लहान मुलालाही सहज उघडेल असे आहे. घरात मुले किंवा पाळीव प्राणी असतील, तर तुलनेने कमी विषारी अशा प्रोपिलीन ग्लायकॉलचे, गाडीला चालणारे कूलंट घ्यावे. इतरांनी हे घ्यायला हरकत नाही.