जँगोचं बेस टेम्प्लेट : वापरून बघाच

जँगो म्हणजे पायथॉनमधलं वेबसाइट बनवायचं फ्रेमवर्क. त्याचा ॲडमिन, म्हणजे साइटचा डेटा सांभाळायचा तयार विभाग, क्लायंटला दाखवायचा म्हटलं की पहिला प्रश्न येतो, वर ते "जँगो ॲडमिनिस्ट्रेशन" काढून आमचं नाव नि लोगो टाकता येईल का? येतं की, आणि तेही फ्रेमवर्कच्या फायलींना हात न लावता! आपल्या टेम्प्लेट्स (पानांचे एचटीएमएल साचे) फोल्डरमध्ये ॲडमिन फोल्डर करायचा, त्यात बेस_साइट.एचटीएमएल ठेवायची, सेटिंग्जमधल्या डिर्सला (टेम्प्लेट्स कुठे शोधायची त्या फोल्डरांची यादी) तो टेम्प्लेट्सचा पाथ द्यायचा की जँगो आधी आपली फाइल उचलतो. वरती एक्स्टेंड्स (आपली फाइल ॲडमिनच्या मूळ बेस.एचटीएमएलवर बेतलीय हे सांगणारी ओळ), खाली ब्रँडिंगचा ब्लॉक (टेम्प्लेटमधला नाव दिलेला, बदलता येणारा भाग), झालं काम. रंग बदलायचे तर एक्स्ट्रास्टाइल ब्लॉक आहे, आणि जँगो 3.2 पासून रंग सीएसएस व्हेरिएबलमध्ये असल्याने प्रायमरी नि सेकंडरी बदलले तरी बराच चेहरामोहरा पालटतो. ब्लॉक.सुपर तर मला फारच आवडतं, मूळचं तसंच ठेवून आपलं पुढे जोडायचं.

खटकतं एकच. ब्लॉकचं नाव चुकलं तर एरर येत नाही, मजकूर गुपचूप गायब होतो आणि आपण शोधत बसतो, इथे निदान वॉर्निंग तरी हवी होती राव. अख्खी बेस.एचटीएमएल कॉपी करू नका, व्हर्जन अपग्रेडला डोकेदुखी होते, लागेल तेवढाच ब्लॉक ओव्हरराइड करा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.