वळताना कट-कट : एक्सलचा जॉइंट बदलून नऊ महिने झाले, त्याचा अनुभव

गाडी 2013 ची, पेट्रोलवर चालणारी साधी हॅचबॅक. डिचोली ते पणजी रोजची ये-जा, बहुतेक वेळा मये-चोडणमार्गे फेरीबोटीने. गेल्या ऑगस्टमध्ये एक्सलचा, म्हणजे इंजिनाची ताकद चाकाला पोचवणाऱ्या दांड्याचा, उजव्या चाकाकडचा जॉइंट बदलला, त्यावर आता साडेआठ हजार किलोमीटर झालेत.

आवाज पहिल्यांदा ऐकला तो फेरीतच. खलाशाने हातवारे करत स्टेअरिंग डावीकडे पूर्ण फिरवायला लावलं आणि खालून कट-कट-कट सुरू. लोखंडी तळावर तो असा घुमला की शेजारचा स्कूटरवाला वाकून चाकाखाली बघायला लागला. फेरीतून उतरून सरळ रस्त्याला लागलो, तर काहीच नाही. घराजवळच्या बोळात दोन्ही बाजूंना चिऱ्यांच्या भिंती आहेत. तिथे काच खाली करून हळू वळलं की आवाज भिंतीवर आपटून नेमका कानात येतो. वेग वाढला की कट-कट भराभर, कमी केला की सावकाश. म्हणजे चाकाबरोबर फिरणारं काहीतरी, एवढं कळलं. टायरच्या नक्षीत अडकलेले दोन खडे स्क्रूड्रायव्हरने काढले, पण खड्याचा आवाज सरळ जातानाही आला असता, हे नंतर सुचलं.

पहिल्या गॅरेजमध्ये गाडी चालवून न बघताच सस्पेन्शनचे दोन भाग, माउंटिंग आणि लिंक रॉड, बदलले. 3,800 रुपये गेले, आवाज जागच्या जागी. राग आला, पण निम्मी चूक माझी. मी फक्त ‘वळताना आवाज येतो’ एवढंच सांगितलं होतं. माउंटिंगचं बेअरिंग गेलं असेल तर गाडी उभी ठेवून नुसतं स्टेअरिंग फिरवलं तरी स्प्रिंग अडकून सुटल्यासारखा दणका बसतो. लिंक रॉड खड्ड्यात किंवा गतिरोधकावर खडखडतो. माझी गाडी उभ्या उभ्या कितीही स्टेअरिंग फिरवा, गप्प. चाकं वळलेली असताना ॲक्सिलरेटर दाबला की सुरू, पाय काढला की मंद. हे एक वाक्य आधी सांगितलं असतं तर पैसे वाचले असते.

दुसरा मेकॅनिक म्हापशाकडचा, वयस्क. त्याने बॉनेट उघडलंसुद्धा नाही. ‘गाडी मैदानार हाड (मैदानावर आण),’ कोंकणीत म्हणाला. पहिल्या गिअरमध्ये स्टेअरिंग पूर्ण वळवून आधी डावीकडे गोल फेऱ्या, मग उजवीकडे. डाव्या गोलात कट-कट, उजव्या गोलात शांतता. ‘उजवो,’ एवढाच निकाल. डावीकडे वळताना भार उजव्या चाकावर येतो, आणि तिरका झालेला जॉइंट त्याच वेळी इंजिनाची ताकदही चाकाला पोचवत असतो. म्हणून आवाज बहुधा वळणाच्या बाहेरच्या चाकाचा. मग त्याने मला चाकामागे हात घालायला लावला. बोटांना काळं ग्रीस लागलं, त्यात आपली तांबडी माती कचकचत होती. जॉइंटवरचं घड्यांचं रबरी आवरण, म्हणजे बूट, घडीवर बोटभर फाटला होता. चाक फिरताना ग्रीस बाहेर उडत होतं आणि पावसाचं पाणी आत जात होतं.

जॉइंट उघडल्यावर सहा छर्रे आणि त्यांच्या खाचा दिसल्या. खाचांत नख अडकेल एवढे खड्डे. वळताना छर्रा त्या खड्ड्यात पडून बाहेर उसळतो, तोच आपला आवाज. काहीजण नुसता बूट बदलून ताजं ग्रीस भरतात. आवाज सुरू व्हायच्या आधी ते ठीक, नंतर पैसे पाण्यात. अख्खा एक्सल घेतला असता तर साडेपाच हजार. मी बाहेरच्या, म्हणजे चाकाकडच्या जॉइंटचं किट घेतलं 2,100 ला, मजुरी 800. गिअरबॉक्सकडचा जॉइंट चांगला होता (तो गेला तर गाडी सरळ जाताना वेग घेतानाच थरथरते), म्हणून तिकडचं काही हलवलं नाही, ऑइल सीलही शाबूत राहिलं. एक्सलचा नट मात्र नवाच घातला. पार्टच्या दुकानात जाताना जुना जॉइंट पिशवीत घालून न्या, त्याच्या दांड्यावरच्या दातांची संख्या मोजूनच नवा घ्या. एबीएसच्या (ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) काही गाड्यांत जॉइंटवर दातेरी रिंग असते, ती नसलेला माल गळ्यात पडला तर डॅशबोर्डवर दिवा पेटतो.

आता वापराचं. आवाज पहिल्याच वळणाला गेला. चवथीला माटोळीच्या (गणपतीवर टांगायच्या फळापानांच्या) बाजारात गाडी चारदा मागेपुढे करून लावली, एकही टिक नाही. पण तीन आठवड्यांनी रिमच्या आतल्या बाजूला ग्रीसची बारीक रेघ दिसली. किटमधली बूट आवळणारी क्लिप हलकी निघाली होती. जाड पट्टीची क्लिप बसवून घेतली, पैसे घेतले नाहीत. तेव्हापासून कोरडं. डिसेंबरमध्ये बेळगावला लग्नाला गेलो, चोर्ला घाटात चौघे आणि डिकी भरून सामान. एकेका वळणावर मी कान टवकारून बसलेला, बायको वैतागून म्हणाली, ‘आता गाणी तरी लावू दे.’

किट कंपनीच्या मूळ मालाइतकं टिकेल का, ते बघायचं. ऑगस्टमध्ये बसवल्यामुळे या बुटाने अजून अख्खा पावसाळा काढलेला नाही. रबर हाताला जरा कडक लागतं, ते मला फारसं आवडलेलं नाही.

पश्चात्ताप एकच. चाक उघडलं होतं त्याच दिवशी डावा बूटही बदलायला हवा होता. मेकॅनिक म्हणाला होता, मीच तीन-चारशे रुपयांसाठी नको म्हटलं. गेल्या रविवारी टॉर्च घेऊन गाडीखाली वाकलो, तर डाव्या बुटाच्या घड्यांत केसासारख्या चिरा दिसल्या. ग्रीस अजून आतच आहे. मृगाच्या आधीची तारीख घेऊन ठेवली आहे.