अंडाशयातली सिस्ट: थांबून बघायचं की ऑपरेशन करून मोकळं व्हायचं?

मागच्या वर्षी आमच्या घरात दोन महिन्यांच्या अंतराने दोन सोनोग्राफीचे रिपोर्ट आले. पहिला मावसबहिणीचा, वय २९, उजव्या ओव्हरीत ६.२ सेंटीमीटरची सिस्ट. दुसरा आत्याचा, वय ५७, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली, डावीकडे ४ सेंटीमीटर. सगळं घर बहिणीसाठी घाबरलं कारण आकडा मोठा, आणि आत्याला सगळे म्हणाले तुझी लहानशीच आहे गं, काही होत नाही. झालं नेमकं उलटं. बहिणीची तीन महिन्यांत आपोआप गेली आणि आत्याचं ऑपरेशन करावं लागलं. म्हणून हे लिहितेय, कारण सध्या ज्यांच्या हातात असा रिपोर्ट आहे त्या बहुतेक जणी तो सेंटीमीटरचा आकडाच बघत बसल्या असणार.

आपल्याकडे "गाठ" म्हटलं की डोक्यात एकच गोष्ट येते. पण पाळी चालू असलेल्या बाईच्या ओव्हरीत दर महिन्याला बीज तयार होताना दोन-अडीच सेंटीमीटरची पाण्याची पिशवी होतेच, ती फुटते आणि बीज बाहेर येतं. कधी फुटतच नाही, मग वाढत जाते, तीच ही साधी सिस्ट, आणि बहुतेक वेळा दोन-तीन पाळ्यांमध्ये विरून जाते. (पीसीओडीतल्या "खूप गाठी" म्हणजे तर गाठीच नाहीत, न पिकलेली काही मिलिमीटरची बीजं असतात, त्यासाठी कुणी ऑपरेशन सांगितलं तर सरळ दुसरीकडे दाखवा.)

तर आधी रिपोर्टातले शब्द बघा. सिंपल, अ‍ॅनेकोइक, थिन वॉल असं लिहिलंय का? म्हणजे आत नुसतं पाणी, भिंत पातळ. की सेप्टेशन, म्हणजे आत पडदे, सॉलिड कॉम्पोनंट, म्हणजे आत मांसल भाग, पॅपिलरी प्रोजेक्शन, म्हणजे भिंतीला आतून कोंब फुटल्यासारखे उंचवटे, आणि त्या भागात रक्तपुरवठा दिसतोय, पोटात पाणी झालंय असं काही आहे? बहिणीच्या रिपोर्टात पहिलं होतं आणि आत्याच्या रिपोर्टात पडदे आणि छोटा सॉलिड भाग, दोन्ही. हल्ली बऱ्याच ठिकाणी ओ-रॅड्स नावाचा, गाठ किती संशयाची ते सांगणारा आकडा पण देतात, २ असेल तर कॅन्सरची शक्यता १ टक्क्याहून कमी, ३ म्हणजे १ ते १० टक्के, ४ म्हणजे १० ते ५० आणि ५ म्हणजे त्याच्याही वर. रिपोर्टावर नसेल तर सोनोग्राफी करणाऱ्या डॉक्टरांना विचारा, मागायला लाजायचं काही कारण नाही.

थांबून बघणं

बहिणीला पहिल्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की या आठवड्यात काढून टाकू, ठेवली तर कॅन्सरमध्ये बदलेल. ती रात्रभर रडली. दुसऱ्या गायनॅकनी रिपोर्ट बघून शांतपणे सांगितलं की साधी पाण्याची गाठ अशी बदलत नसते, १० सेंटीमीटरपर्यंतची साधी सिस्ट जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी असते, तीन महिन्यांनी परत बघू. ब्रिटनच्या गाइडलाइन्समध्ये तर पाळी चालू असलेल्या बाईला ५ सेंटीमीटरच्या आतली साधी सिस्ट असेल तर पुन्हा सोनोग्राफीची पण गरज नाही म्हणतात, ५ ते ७ मध्ये असेल तर वर्षाने बघा. पाळी गेल्यावर पण साध्या सिस्ट सापडतात, अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात अशा बायकांपैकी १४ टक्के जणींना पहिल्याच तपासणीत साधी सिस्ट दिसली आणि वर्षभराने त्यातल्या साधारण एक तृतीयांश जणींची गेलेली होती.

थांबण्यात धोका किती, हा खरा प्रश्न. २०१९ ला लॅन्सेट ऑन्कॉलॉजीमध्ये एक अभ्यास आला, सोनोग्राफीत कॅन्सरच्या न वाटलेल्या सगळ्या प्रकारच्या गाठी (नुसत्या पाण्याच्याच नव्हे) न काढता १९१९ बायकांना दोन वर्षं फॉलो केलं. पाचातल्या एकीची आपोआप गेली, ओव्हरीला पीळ पडण्याचं प्रमाण ०.४ टक्के आणि कॅन्सर निघण्याचं पण ०.४ टक्के. शून्य नाही, म्हणूनच थांबणं म्हणजे विसरून जाणं नव्हे, परत सोनोग्राफी करायचीच. आणि हो, या काळात "विरघळायच्या गोळ्या" म्हणून गर्भनिरोधक गोळ्या देतात, पण त्यांनी झालेली सिस्ट लवकर जाते असं अभ्यासात दिसलेलं नाही, नुसतं थांबलं तरी तेवढ्याच वेळात जाते. पाळी अनियमित असेल वगैरे तर तो वेगळा विषय.

थांबलात तर एकच गोष्ट घरात सगळ्यांना सांगून ठेवा. एका बाजूला ओटीपोटात अचानक जोराची कळ आणि सोबत उलट्या, म्हणजे पीळ पडला असू शकतो, मग सकाळपर्यंत वाट बघायची नाही, ओवा-हिंग करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. काही तासांत ओव्हरी गमवायची वेळ येते.

ऑपरेशन करणं

यातला मोठा फायदा म्हणजे गाठ काय होती ते बायोप्सीत पक्कं कळतं, सोनोग्राफी कितीही चांगली असली तरी तो अंदाजच. पण किंमत पण आहे, भूल, आतले अवयव एकमेकांना चिकटणं, आणि तरुण मुलीत ओव्हरीचं चांगलं टिश्यू गाठीबरोबर जाणं. चॉकलेट सिस्टमध्ये (एंडोमेट्रिओसिसची, आत जुनं रक्त साठलेली गाठ) हे फार जाणवतं, काढल्यावर एएमएच, म्हणजे ओव्हरीत किती बीजं शिल्लक आहेत त्याचा अंदाज देणारा रक्तातला आकडा, उतरतो, म्हणून मूल हवं असेल तर आधी मूल होण्यासाठी उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोला आणि मगच ठरवा. चॉकलेट सिस्टमधून कॅन्सर होण्याचं प्रमाण शंभरात एकीच्या आसपास धरतात. डरमॉइड, ज्यात केस-चरबी-दात सापडतात आणि ऐकून लोकांना भूतबाधा वाटते, ती आपोआप जात नाही पण वाढते फार हळू, वर्षाला साधारण दोन मिलिमीटर, लहान असेल तर वेळ असतो. मोठी झाली तर पीळ पडायची भीती म्हणून काढतात, आणि तिशीतल्या मुलीची असेल तर नुसती गाठ काढून ओव्हरी ठेवता येते, हे आधी विचारून घ्या.

आत्याचं वेगळं होतं. ती सहा-सात महिने म्हणत होती पोट फुगतं, दोन घास खाल्ले की भरतं, लघवीला सारखं जावं लागतं. अ‍ॅसिडिटी म्हणून गोळ्या चालू होत्या. पन्नाशीनंतर हे नव्याने सुरू झालं आणि महिन्यातले निम्मे दिवस होत असेल तर सोनोग्राफी करा, कृपा करून करा, आम्ही उशीर केला.

सीए-१२५ चा घोळ

सीए-१२५ हे रक्तातलं एक प्रोटीन, ओव्हरीच्या कॅन्सरमध्ये वाढू शकतं म्हणून तपासतात. दोघींची ही रक्ततपासणी झाली होती. बहिणीची पाळीच्या दिवसात केलेली, आली ६८, नॉर्मल ३५ पर्यंत. आत्याची आली ४१. पुन्हा घरात रडारड बहिणीसाठी. पण हा आकडा पाळीत, फायब्रॉइडमध्ये, चॉकलेट सिस्टमध्ये, गरोदरपणात वाढतो, आणि आपल्याकडे विशेष म्हणजे पोटाच्या टीबीत तर शेकड्यांत जातो, पोटात पाणी पण होतं, अगदी कॅन्सरसारखंच चित्र. उलट पहिल्या स्टेजचा कॅन्सर असलेल्या निम्म्या बायकांत तो नॉर्मल येतो. म्हणून डॉक्टर एक गुणाकार करतात: सोनोग्राफीचे गुण (संशयाची खूण नसेल तर ०, एक असेल तर १, दोन किंवा जास्त असतील तर ३), पाळी गेली असेल तर ३ नाहीतर १, आणि सीए-१२५. बहिणीच्या सोनोग्राफीचे गुण शून्य, म्हणजे ६८ असो की १६८, उत्तर शून्य. आत्याचं ३ गुणिले ३ गुणिले ४१, म्हणजे ३६९. २०० च्या वर गेलं की कॅन्सरच्या सर्जनकडे जायचं. तिथे आमच्या डोक्यात प्रकाश पडला.

आणि काहीही होत नसताना फुल बॉडी चेकअपमध्ये सीए-१२५ करू नका. ब्रिटनमध्ये दोन लाख बायकांवर वर्षानुवर्षं ही तपासणी करून बघितली, २०२१ ला निकाल आला, मृत्यू कमी झाले नाहीत. घरात आई-बहीण-मावशीला ओव्हरीचा किंवा कमी वयात ब्रेस्टचा कॅन्सर असेल तर मात्र प्रश्नच बदलतो. बीआरसीए१ या जनुकात दोष असेल तर ओव्हरीच्या कॅन्सरचा आयुष्यभरातला धोका ४० टक्क्यांच्या आसपास जातो, तिथे आधी जेनेटिक काउन्सेलिंग.

कुणाकडे करायचं

साधी गाठ नेहमीचे गायनॅक दुर्बिणीने काढतात. संशयाची असेल तर गायनॅक ऑन्को सर्जनच हवेत, कारण आत कॅन्सर असेल आणि गाठ पोटात फुटली तर स्टेज १ए ची १सी होते, म्हणजे आजार एक पायरी पुढे गेला असं धरतात. त्याच कारणाने अशा गाठीत सुई घालून पाणी काढू देऊ नका. परळचं टाटा, टाटाचंच खारघरचं केंद्र अ‍ॅक्ट्रेक आहेच, महात्मा फुले योजनेत काय बसतं ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला विचारा. आत्याच्या दोन्ही ओव्हरी, नळ्या आणि गर्भपिशवी काढली, बॉर्डरलाइन ट्यूमर, म्हणजे साधी गाठ आणि कॅन्सर यांच्या मधला प्रकार, निघाला, केमो लागली नाही.

पण "आलोच आहोत तर पिशवी पण काढून टाका" हे सगळ्यांना लागू नाही. बीडमध्ये ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या किती सहज काढल्या गेल्या ते २०१९ मध्ये सरकारी समितीपुढे आलंच, ८२ हजारांच्या आसपास बायकांना विचारलं तर १३ हजारांहून जास्त जणींची काढलेली. त्यातल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीतीच घातली होती. म्हणून डॉक्टर म्हणाले काढा, तर विचारा: गाठीच्या आत नेमकं काय दिसलं? तीन महिने थांबलं तर काय बिघडेल? नुसती गाठ काढणार की ओव्हरी पण?

पुढची सोनोग्राफी पाळी संपल्या-संपल्या, पाचव्या ते दहाव्या दिवसात करा, जमलं तर त्याच डॉक्टरकडे, आतून (योनीमार्गातून), आणि जुनी फिल्म सोबत न्या. बहिणीच्या वेळी ती घरी राहिली होती, मी रिक्षाने परत जाऊन आणली.