सिमवाला सोलर कॅमेरा: माल चांगला, पण आधी शेजारचा प्लॉट बघा (५ पैकी ३ स्टार)

घर आमचं धुळ्यात, देवपूरच्या पुढे वलवाडी शिवारात, शेजारी एनए झालेला रिकामा प्लॉट, त्यात काटेरी बाभूळ डोक्याच्या वर गेलेली, मागे कपाशी. ब्रॉडबँड अजून इकडे धड नाही म्हणून सिमवाला कॅमेरा घेतला, साडेचार हजाराला पडला. क्लिअरिटी एक नंबर, रात्री गेटपर्यंत चेहरा ओळखू येतो, त्यापुढे नुसता पांढरा ठिपका. आणि आपल्याकडच्या उन्हात चार्जिंगचं टेन्शनच नाही.

स्टार कापले ते अलर्टपायी. फांदी हलली की मोबाईल कोकलतो, कुत्रं गेलं की कोकलतो, बायकोने वैतागून नोटिफिकेशनच बंद केलं. अ‍ॅपमध्ये झोन आखून तो प्लॉट वगळता येतो, पण चोर येणार तर तिथूनच ना भाऊ!

मावशी जुन्या धुळ्यात गल्लीत राहते, खाली किराणा वर घर, ओट्यावर म्हातारी बसलेली, अनोळखी माणूस दिसला की लगेच "कोन शे रे तठे?" तिथे दिवसा कॅमेरा लागतच नाही. आग्रा रोडच्या गर्दीत भीती पाकिटाची नि लावलेल्या गाडीची, मळ्यात पंपाच्या केबलची, आणि आमच्यासारख्या कॉलनीत घरफोडीची, ती पण भरदुपारी, कारण नवरा-बायको दोघं कामावर, पोरं शाळेत, दुकान एक नाही. कोहेन आणि फेल्सन या अमेरिकन अभ्यासकांनी १९७९ मध्येच मांडलंय की चोरीला तीन गोष्टी एका वेळी एका जागी लागतात, चोरायला तयार माणूस, उचलण्यासारखा माल आणि राखणारं कोणी नसणं. आमच्याकडे दुपारी बारा ते चार तिन्ही हजर.

मे महिन्यात मात्र कॅमेरा कामाला येतो, सगळे गच्चीवर झोपतात आणि खाली कोण शिरलं पत्ता लागत नाही, तेव्हा मोबाईलवरूनच सायरन वाजवता येतो. मेमरी कार्ड वेगळं घ्यावं लागतं आणि ते कॅमेऱ्यातच बसतं, म्हणजे कॅमेरा उपटून नेला की रेकॉर्डिंग पण गेलं, क्लाउडचे पैसे वेगळे. त्यामुळे हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर लावा.

प्लॉटमालक पुण्याला असतो, बाभूळ काढा म्हटलं तर म्हणतो भाव येऊ द्या मग विकूनच टाकतो. आता कॉलनीवाले वर्गणी काढून जेसीबी सांगतोय, प्लॉट साफ झाला की एक स्टार वाढवेन.