‘बेअरिंग जाम आहे, कव्हर फुटेल’ असं सांगितलं तर आधी हे वाचा

माझी पिठाची गिरणी आहे. तिच्या पाच एचपीच्या मोटरचं बेअरिंग आवाज करू लागलं, म्हणून मोटर तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्याकडे टाकली. त्याने मला सरळसरळ फसवलं. ज्या पद्धतीने फसवलं, ती कुणावरही चालेल, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

संध्याकाळी त्याचा फोन आला. “वहिनी, मागच्या कव्हरातलं बेअरिंग जाम बसलंय. ठोकलं तर कव्हर फुटंल. नवीनच टाकावं लागंल.”

हे ऐकायला अगदी खरं वाटतं. बेअरिंग शाफ्टवर, म्हणजे मोटरच्या फिरत्या दांड्यावर, घट्ट असतं आणि कव्हरात, म्हणजे मोटरच्या टोकाच्या झाकणात, बोटाच्या दाबाने सरकतं. त्यामुळे मोटर खोलली की कव्हर सुटतं आणि बेअरिंग शाफ्टवरच राहतं. गंज धरला तर मात्र ते कव्हरात अडकतं. मागून शाफ्टपुरतंच भोक असल्याने बेअरिंगच्या बाहेरच्या कडीला पंच (ठोकायचा खिळा) लावायला जागा मिळत नाही. म्हणजे त्याने सांगितलेली अडचण खरोखर येते. नव्या कव्हराचे आणि दोन बेअरिंगचे पैसे त्याने घेतले, मोटर रंगवून दिली. पावती म्हणून साध्या कागदावर ‘मोटर रिपेअर’ एवढंच लिहिलं होतं.

थोड्याच दिवसांत घरघर परत सुरू झाली. मागची बाजू हात टेकवेना इतकी तापायची. या वेळी मोटर विट्याला एका जुन्या लेथवाल्या काकांकडे नेली. त्यांनी कव्हर थिनरने पुसलं, तर रंगाखालून आमच्याच कव्हराचा तुटका कान (बाहेर आलेला तुकडा) निघाला. मोटर उतरवताना तो फार पूर्वी तुटला होता. कव्हर नवीन नव्हतंच.

मग त्यांनी बेअरिंगचं घर, म्हणजे कव्हरातली ते बसायची जागा, दाखवलं. आत गोल डॉट पंचाचे ठोके मारलेले होते. घर झिजून ढिलं झालं की असे ठोके मारतात. धातूचे उंचवटे येतात आणि बेअरिंग तेवढ्यापुरतं धरून बसतं. काही तास चाललं की ते उंचवटे दबतात, बाहेरची कडी घरात फिरू लागते आणि घर आणखी मोठं होतं. रोटर (आतला फिरता भाग) आणि स्टेटर (भोवतालचा स्थिर भाग) यांमधली फट अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास असते. घर ढिलं झाल्याने रोटर खाली बसून घासला की वाइंडिंगही (तारांची गुंडाळी) जातं.

काकांनी एकच प्रश्न विचारला, “घर एवढं ढिलं, तर बेअरिंग जाम कसं बसंल?” ठोक्यांच्या मधला भाग आरशासारखा गुळगुळीत होता, म्हणजे कडी तिथे बरेच महिने फिरत होती. मूळ दोष ढिल्या घराचा होता. तो लपवून त्याने मला त्याच्या नेमका उलटा दोष सांगितला. बेअरिंगही धुऊन, ग्रीस भरून परत बसवलेलं होतं. सीलच्या (बेअरिंगच्या बाजूच्या झाकणाच्या) कडेला स्क्रू-ड्रायव्हरचे ओरखडे स्पष्ट दिसत होते.

काकांनी घर लेथवर मोठं करून त्यात बुश (धातूची कडी) मारला आणि तो आतून ६२ मिलिमीटरला बोअर केला. आमचं बेअरिंग ६२०६ नंबरचं, म्हणजे आतला व्यास ३०, बाहेरचा ६२, रुंदी १६ मिलिमीटर.

आणि बेअरिंग खरंच अडकलं असेल तरी कव्हर फेकायची गरज सहसा पडत नाही. आतल्या कडीला धरून ओढणारा पुलर मिळतो. कव्हर ॲल्युमिनियमचं असेल तर ते गरम करतात, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावतं. दोन्ही ८० अंशांनी तापले तरी ६२ च्या घरात सुमारे पाच शतांश मिलिमीटर मोकळीक मिळते. मग कव्हर उलटं करून लाकडी फळीवर आपटलं की बेअरिंग खाली पडतं. बिडाच्या कव्हराला हा उपाय तितका लागू पडत नाही, तिथे पुलरच लावावा.

तेव्हा कुणी ‘जाम आहे’ म्हणालं तर मोटर खोललेली असतानाच जा आणि कव्हर हातात घ्या. जुनं कव्हर, जुनी बेअरिंग परत मागा. मोटर टाकण्याआधी कव्हरावर आतून खूण करून फोटो काढा. नवं बेअरिंग डब्यातून तुमच्यासमोर बाहेर काढायला लावा. एसकेएफचं असेल तर त्यांच्या ‘ऑथेंटिकेट’ ॲपवर फोटो पाठवून खरं-खोटं विचारता येतं. पावतीवर दुकानाचं नाव, बेअरिंगचा नंबर आणि ‘नवीन कव्हर’ हे शब्द लिहून घ्या. माझ्याकडे तशी पावती नाही हे ठाऊक असल्यानेच तो आज कानावर हात ठेवतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवलेली गिरणी असेल तरी २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण ग्राहकच ठरतो. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. कव्हराचे फोटो आणि काकांचं लेखी म्हणणं जोडून मी तिथे तक्रार केली आहे.